पाण्यातलं तरंगणं आणि वरचं पडणं

ह्यूस्टनमधल्या मराठी घरी पाहुणे आले की दोन ठिकाणं चुकत नाहीत : पेअरलँडचं मीनाक्षी मंदिर आणि नासा. गेल्या नऊ वर्षांत मी दोन्हीकडे इतक्या वेळा गेले आहे की नासाच्या ट्रॅममधल्या सूचना मला मंगलाष्टकांसारख्या पाठ झाल्या आहेत. शिवाय आमचं घर क्लिअर लेकच्या बाजूला. भाजी आणायला जाताना जॉन्सन स्पेस सेंटरचं कुंपण दिसतं, एवढाच माझा त्या संस्थेशी संबंध; पण सासर-माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अंतराळाबद्दल काहीही आलं की ते माझ्या खात्यावर जमा होतं.

या वर्षी एक क्लिप आली. पांढरा पोशाख घातलेला अंतराळवीर एका धातूच्या दांडीला धरून काम करतोय आणि त्याच्या शेजारून बुडबुडे वर जाताहेत. खाली लिहिलेलं : ‘स्पेसवॉक म्हणजे निव्वळ थाप! तलावात शूटिंग करतात आणि जगाला दाखवतात.’ पाठवणारे होते आमचे मिरजेचे चुलतसासरे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस, सगळी नोकरी पाण्याचा हिशेब ठेवण्यात गेलेली. त्यांनी खाली जोडलं होतं, ‘सूनबाई, तू तिथंच राहतेस. खरं काय ते सांग.’

असल्या फॉरवर्डना मी एरवी उत्तर देत नाही. पण काका थट्टा करत नव्हते, त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. त्याच आठवड्यात आमच्या रविवारच्या मराठी शाळेत दहा वर्षांच्या दोन मुलांनी मला हीच क्लिप दाखवली. मी भूगोलाची एम.ए.; इथं येण्याआधी सांगलीला सहा वर्षं शाळेत शिकवत होते. मूल चुकीचं उत्तर घेऊन वर्गाबाहेर गेलं की मला जेवण जात नाही. म्हणून काकांना आणि त्या दोघांना जे सांगितलं, ते इथं जरा सविस्तर लिहिते.

क्लिप खरी आहे. पाणीही खरं आहे. खालचं वाक्य तेवढं खोटं आहे.

एलिंग्टन विमानतळाजवळ नासाचा एक तलाव आहे, न्यूट्रल बॉयन्सी लॅबोरेटरी नावाचा. ज्या इमारतीत तो आहे, तिला सोनी कार्टर या अंतराळवीराचं नाव दिलं आहे. १९९१ साली ते विमान अपघातात गेले. तलाव २०२ फूट लांब, १०२ फूट रुंद आणि ४० फूट खोल. निम्मा जमिनीच्या खाली, निम्मा वर. पाणी ६२ लाख गॅलन, म्हणजे साधारण २ कोटी ३५ लाख लिटर. (हा आकडा वाचून काकांचा लगेच फोन आला, ‘बाष्पीभवनाचं काय करतात?’) तळाशी अंतराळ स्थानकाच्या भागांच्या खऱ्या मापाच्या प्रतिकृती ठेवल्या आहेत. अख्खं स्थानक मात्र एवढ्या तलावातही मावत नाही, कारण त्याची लांबी १०९ मीटर आहे.

हा तलाव मी गॅलरीतून दोनदा पाहिला आहे. वरून पाहताना तो विलक्षण शांत दिसतो. क्रेनला लटकवलेल्या फळीवर पोशाख घातलेली माणसं उभी असतात आणि फळी हळूहळू पाण्यात उतरवतात. मग त्यांच्याभोवती पाणबुडे जमतात आणि खरं काम सुरू होतं : तोलण्याचं.

आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधत. पोरगं बुडू नये म्हणून ती हवा. इथं सगळं उलटं. अंतराळवीराचा पोशाख हवेनं फुगलेला असतो, तो फुटबॉलसारखा वर यायला बघतो. म्हणून पाणबुडे त्याला वजनं लावतात. एका बाजूनं जास्त जड झाला तर त्याच बाजूला फोमचे तुकडे घालतात. असं करत करत तो माणूस ना वर जातो, ना खाली, ना आपोआप कलंडतो, अशा स्थितीला आणतात. पानवाला किंवा सोनार ज्या नजाकतीनं तागडी सारखी करतो, तसलं ते काम आहे. एकदा तोल साधला की सहा-सहा तास पाण्याखाली सराव चालतो. श्वासासाठी साध्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेलं मिश्रण नळीतून पुरवतात, म्हणजे वर येताना रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका कमी होतो. अवकाशात बाहेर घालवायच्या प्रत्येक तासासाठी पाण्यात साधारण सात तास, असा त्यांचा ढोबळ हिशेब आहे.

आपल्या सुनीता विल्यम्स यांनी आजवर नऊ स्पेसवॉक केले, एकूण ६२ तास ६ मिनिटं. आता लावा हिशेब.

एवढा खटाटोप कशासाठी, हे १९६६ सालच्या एका माणसाच्या हालांवरून समजतं. त्याच्या आदल्या वर्षी रशियाचे अलेक्सेई लिओनोव्ह यानाबाहेर पडणारे पहिले मानव ठरले होते. बारा मिनिटं ते बाहेर होते, पण तेवढ्यात त्यांचा पोशाख इतका ताठ फुगला की आत शिरण्यासाठी त्यांना त्यातली हवा सोडावी लागली. जून १९६६ मध्ये जेमिनी ९ मधून अमेरिकेचे जीन सर्नन बाहेर पडले. काम वरवर सोपं होतं : यानाच्या मागच्या बाजूला जाऊन एक यंत्र पाठीला लावायचं. पण पकडायला नीट दांड्या नव्हत्या, पाय अडकवायला भक्कम जागा नव्हती. एक खटका फिरवायला गेलं की खटका जागेवर आणि माणूसच उलटा फिरणार. सर्नन नुसते स्वतःला स्थिर ठेवण्यातच दमून गेले. नाडी १८०च्या घरात गेली, शिरस्त्राणाची काच श्वासानं आतून धुरकट झाली, समोरचं दिसेनासं झालं. काम अर्धवट टाकून त्यांना आत यावं लागलं.

त्यांची तयारी कमी नव्हती. विमान कमानीसारखं वर नेऊन खाली सोडलं की आतल्या माणसांना वीस-पंचवीस सेकंद वजनरहित वाटतं, तसा सराव त्या काळी करून घेत. पण वीस सेकंदांत माणूस फार तर कोलांटी मारेल. दोन तास घाम गाळताना काय होतं, ते त्यातून कुणाला कळणार?

उत्तर सापडलं एका शाळेच्या पोहण्याच्या तलावात. माझ्यातल्या शिक्षिकेला ही गोष्ट फार आवडते. बाल्टिमोरजवळच्या मॅकडोनो शाळेच्या तलावात काही संशोधक पोशाख घालून पाण्याखाली काम करून पाहत होते. जेमिनी १२ साठी निवडलेले बझ ऑल्ड्रिन तिथं सरावाला गेले. त्यांना पाणबुडेगिरीची सवय होतीच. दमछाक होण्याआधी थांबायचं, पाय अडकवून दोन्ही हात मोकळे ठेवायचे, घाईनं झटका द्यायचा नाही, हे सगळं त्यांनी पाण्यात घोटून घेतलं. यानावर हातदांड्या आणि पाय अडकवायच्या जागाही वाढवल्या. नोव्हेंबर १९६६ मध्ये तिन्ही वेळचे मिळून साडेपाच तास त्यांनी बाहेर काम केलं आणि फारसे न थकता परत आले. तेव्हापासून पाणी हा अंतराळवीरांचा गुरू झाला.

पण हा गुरू काही बाबतीत फसवतो, आणि शिष्याला ते आधी माहीत असावं लागतं.

शाळेत मुलांना विचारलं, ‘अंतराळवीर का तरंगतात?’ तर एकसुरात उत्तर येतं, ‘तिथं गुरुत्वाकर्षण नसतं!’ हे उत्तर मी इंग्रजीतून ऐकलं आहे, मराठीतून ऐकलं आहे आणि मोठ्या माणसांकडून सर्वांत जास्त ऐकलं आहे. वस्तुस्थिती अशी की स्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर आहे आणि तिथं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के असतं. मग माणसं तरंगतात कशी? ती तरंगत नाहीत, पडत असतात. सिंहगडाच्या कड्यावरून दगड आडवा फेकला तर तो वाकत वाकत खाली येतो. तो ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगानं फेकता आला आणि वाटेत हवा नसली, तर तो जितका खाली येईल तितकीच पृथ्वीही गोलाईमुळे खाली वाकलेली असेल. दगड पडतच राहील, जमीन लागणारच नाही. स्थानक असं पडतंय, आतला माणूसही त्याच्याबरोबर पडतोय, म्हणून त्याला फरशी लागत नाही. जत्रेतला पाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो ना, तो आपल्या वाट्याचा अंतराळाचा एक थेंब. अंतराळवीराच्या पोटातला तो गोळा सहा-सहा महिने जात नाही.

पाण्यात यातलं काही होत नाही. पाणी तुम्हाला चहूबाजूंनी उचलून धरतं, पण तुमचं वजन तुमच्याजवळच असतं. मराठीत आपण दोन्हीला ‘तरंगणं’ म्हणतो, त्यामुळे गोंधळ वाढतो. खरं तर एक आहे झेललं जाणं आणि दुसरं आहे पडणं.

हा फरक कळायला नासात जायची गरज नाही. पुढच्या उन्हाळ्यात मुलांना घेऊन तलावावर जाल तेव्हा करून पाहा. पाण्याखाली किल्ली हातातून सोडा, ती तळाशी जाईल. स्थानकात ती सोडली तर सोडल्या जागी राहील. पाण्यात दोन हात मारले की पुढे सरकाल आणि थांबलात की लगेच मंदावाल, कारण पाणी अडवतं. अंतराळात हात मारून काही उपयोग नाही, आणि भिंतीला बोट लावून निघालात तर दुसरी भिंत येईपर्यंत थांबणार नाही. श्वास पूर्ण सोडला की पाण्यात बहुतेक जण खाली जातात (हा प्रयोग मोठ्यांनीच करावा). वर श्वासाचा असा काही परिणाम नाही. शेवटचा प्रयोग माझ्या लेकीचा आवडता : डोळे मिटून पाण्यात कोलांटी मारायची आणि वर कुठं आहे ते बोटानं दाखवायचं. ती बहुतेक वेळा बरोबर दाखवते. आपल्या कानाच्या आतल्या भागात चुन्याचे अगदी बारीक कण असतात, ते गुरुत्वाकर्षणानं खाली झुकतात आणि मेंदूला दिशा कळते. पाण्यातही ते काम करत असतात. अंतराळात त्यांना खाली-वर असं काही उरत नाही, म्हणून पहिले काही दिवस अनेक अंतराळवीरांना मळमळतं.

याच कारणानं नासाच्या तलावात उलटं होऊन काम करणं त्रासाचं असतं. पोशाख तोललेला असतो, पण आतलं शरीर तोललेलं नसतं. डोकं खाली केलं की माणूस पोशाखाच्या आत घसरून खांद्यांवर लटकतो आणि रक्त डोक्यात उतरतं. सरावात अंतराळवीरांचे खांदे दुखावल्याच्या नोंदी आहेत. दुसरा फसवा भाग वस्तुमानाचा. पाण्यात मोठी पेटी ढकलली की पाणीच तिला थांबवतं. वर कपाटाएवढी पेटी एका हातानं हलते, पण थांबवायला तेवढाच जोर उलट लावावा लागतो, नाहीतर तीच माणसाला ओढून नेते. हे पाण्यात शिकता येत नाही. त्यासाठी हवेच्या पातळ थरावर वस्तू सरकतील अशी गुळगुळीत फरशी आणि संगणकाच्या आभासी जगातला सराव अशा वेगळ्या सोयी केल्या आहेत. आणि काकांच्या क्लिपचं उत्तरही इथंच आहे. तलावात सिनेमा काढायला गेलात तर सुटलेला पट्टा खाली किंवा वर जाणार, बुडबुडे उठणार, प्रत्येक हालचाल पाण्यानं जड होणार. शिवाय खऱ्या स्पेसवॉकमध्ये साधारण पाऊण तासाला दिवसाची रात्र होते आणि रात्रीचा दिवस. त्या क्लिपमध्ये बुडबुडे होते, कारण ती तलावातलीच होती. सरावाच्या अशा चित्रफिती नासा स्वतःच प्रसिद्ध करते.

माझ्या सासूबाई गेल्या उन्हाळ्यात सहा महिने आमच्याकडे होत्या. गुडघे दुखतात म्हणून त्यांना कम्युनिटीच्या तलावात चालायला नेत असे. आधी त्या तयारच नव्हत्या. मग लेगिंग आणि माझ्या नवऱ्याचा जुना टी-शर्ट घालून उतरल्या आणि आठवड्याभरात मलाच ‘चल, उशीर होतोय’ म्हणू लागल्या. छातीएवढ्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर एरवीच्या साधारण एक तृतीयांशच भार येतो. ज्या बाई घरात भिंत धरून चालत, त्या तिथं शतपावली घालत. त्यांना मी सांगितलं, की अंतराळवीरांच्या पायांवर मात्र काहीच भार नसतो, म्हणून त्यांची हाडं ठिसूळ होतात. कंबरेच्या हाडांची घनता महिन्याला एक-दीड टक्क्यानं घटू शकते. म्हणून रोज दोन तास पट्ट्यांनी स्वतःला बांधून व्यायाम करावा लागतो. त्या पाण्यातच थांबल्या. म्हणाल्या, ‘अगं बाई! म्हणजे मी ओझ्यानं झिजले आणि ते ओझं नाही म्हणून झिजतात?’ आणि पुढची फेरी त्यांनी जरा जोरात मारली.

सुनीता विल्यम्स यांचं पाण्याशी नातं तलावापुरतं नाही. नौदलात त्यांनी पाणबुडेगिरीचं प्रशिक्षण घेतलं होतं. २००२ साली फ्लोरिडाजवळ समुद्राच्या तळाशी असलेल्या अ‍ॅक्वेरियस या निवासात त्या नऊ दिवस राहिल्या. अंतराळातल्यासारखा एकांत आणि अडचण तिथं आयती मिळते : मनात आलं म्हणून लगेच वर येता येत नाही. गेल्या वेळी काही दिवसांसाठी गेलेल्या सुनीताताईंना वर २८६ दिवस राहावं लागलं. मार्च २०२५ मध्ये त्यांचं यान फ्लोरिडाजवळच्या समुद्रात उतरलं तेव्हा आमच्या घरी सगळे टीव्हीसमोर होते. यानाभोवती डॉल्फिन पोहत होते. लेक डॉल्फिन बघत होती, मी स्ट्रेचर बघत होते.

आता ज्या प्रसंगामुळे मला या सगळ्या विषयाचं गांभीर्य खऱ्या अर्थानं जाणवलं, तो सांगते. १६ जुलै २०१३. इटलीचे लुका पार्मितानो स्थानकाबाहेर काम करत होते. त्यांना डोक्याच्या मागं ओलं लागलं. पोशाखातल्या शीतकरण यंत्रणेतून पाणी शिरस्त्राणात गळत होतं. नासाच्या तलावात पोशाखात पाणी शिरलं असतं तर ते पायाशी जमलं असतं आणि पाणबुड्यांनी त्यांना तत्काळ वर काढलं असतं. इथं पाण्याला खाली जायला ‘खाली’ नव्हतं. ते केसांना धरून, त्वचेला चिकटून पुढे सरकत गेलं. परत फिरताना त्यांनी अंग वळवलं आणि पाण्याचा थर डोळ्यांवर आला, नाकात शिरला. त्याच सुमारास सूर्य मावळला. दिसत नाही, ऐकू नीट येत नाही, नाकात पाणी, तोंडानं घेतलेला पुढचा श्वास हवेचा असेल की पाण्याचा ठाऊक नाही. बुडणारा माणूस निदान वर हात करतो. पार्मितानोंनी काय करावं?

कमरेला बांधलेली सुरक्षा दोरी हलकेच ओढत होती, त्या ओढीवरून दिशा ओळखून ते चाचपडत दाराशी पोचले. सहकारी क्रिस कॅसिडी मागून आले. दार लावून आत हवेचा दाब भरेपर्यंत त्यांना तसंच थांबावं लागलं. शिरस्त्राण काढलं तेव्हा आत लिटरभराहून अधिक पाणी होतं. नंतर सगळ्या पोशाखांत डोक्यामागं पाणी शोषणारी गादी बसवली, आणि एक साधी नळी, जिच्यातून पोशाखाच्या खालच्या भागातली हवा ओढता येईल. पाण्याखाली पोहणारे वापरतात, तसलीच ती कल्पना.

हे मी मराठी शाळेत सांगितलं तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला. मग मागच्या बाकावरची एक चिमुरडी, जी एरवी ‘ळ’ म्हणायला नको म्हणून तोंडच उघडत नाही, तिनं विचारलं, ‘बाई, मग तिथं रडलं तर अश्रू कुठं जातात?’

मी फळ्यावर मोठा डोळा काढला. अश्रू गालावरून ओघळत नाहीत, डोळ्यावरच पाण्याचा गोळा होऊन बसतात. कॅनडाचे क्रिस हॅडफिल्ड यांच्यावर एप्रिल २००१ मध्ये बाहेर काम करताना ही वेळ आली. काच धुरकट होऊ नये म्हणून लावलेलं द्रावण एका डोळ्यात गेलं, डोळा चुरचुरू लागला आणि पाण्यानं भरला. गोळा वाढत वाढत नाकावरून पलीकडच्या डोळ्यात गेला, आणि दोन्ही डोळ्यांनी दिसेना.

‘मग पुसलं कसं?’ ती म्हणाली. ‘हेल्मेटमध्ये हात जातच नाही ना!’

जातच नाही. ते दांडीला धरून तसेच राहिले आणि डोळ्यांना पाणी येऊ दिलं. इतकं आलं की त्यातच ते द्रावण विरून गेलं. हळूहळू दिसायला लागलं. मग त्यांनी हातातलं अवजार सावरलं आणि राहिलेलं काम पुरं केलं.